हद्दवाढ आधी की जीटीए सहा?

व्हिडिओ गेमच्या वर्षअखेरच्या चर्चेचा हंगाम कोल्हापुरात डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होतो आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात संपतो. त्याच सुमारास उसाचा आणि फुटबॉलचाही हंगाम चालू असतो. पण त्या दोहोंत प्रत्यक्ष काहीतरी घडतं. गेमच्या हंगामात खेळणारे थोडे, बोलणारे फार, आणि सर्वांत अधिकारवाणीने तो बोलतो ज्याच्या लॅपटॉपवर त्या वर्षातला एकही नवा गेम उघडत नाही. यात वावगं काही नाही. खासबागेत कुस्तीतल्या चुका दाखवणाऱ्यांपैकी लंगोट तरी किती जणांनी लावलेला असतो?

चर्चकांच्या तीन पिढ्या आढळतात. पहिली टीव्हीला डबडं जोडून खेळणाऱ्यांची. त्यांच्या कॅसेटवर ९९९९ गेम असल्याचं छापलेलं असे आणि आत मारिओ, कॉन्ट्रा आणि उरलेले तेच ते, रंग बदलून. ही मंडळी आता गृहकर्जाच्या हप्त्यात अडकली असून चर्चेत त्यांचं योगदान एकाच वाक्याचं असतं : ‘आमच्या वेळी सेव्ह नव्हतं, मर्दा.’ दुसरी पिढी सायबर कॅफेतली. २००२ साली आलेल्या ‘व्हाइस सिटी’वर ती पोसली. तासाच्या भाड्यात मिशन पूर्ण करण्याची चैन कुणाला परवडते? त्यामुळे पी-ए-एन-झेड-ई-आर ही अक्षरं टाइप करून रणगाडा बोलावणं आणि तो रस्त्यावरून नेणं, एवढीच त्या गेमची कथा असं या पिढीतले पुष्कळ लोक आजही समजतात. इंग्रजी स्पेलिंग पाठ होण्याच्या कामी शाळेपेक्षा हा रणगाडा अधिक उपयोगी पडला.

तिसरी पिढी मोबाइलची, आणि तिचं अर्धं आयुष्य बंदीत गेलं. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ ॲपवर बंदी घातली, त्यात पबजी गेला. २ जुलै २०२१ रोजी तो बीजीएमआय असं नाव लावून आला. २८ जुलै २०२२ रोजी तोही ॲप स्टोअरवरून उठला. मे २०२३ मध्ये परतला. मधल्या काळात, १४ फेब्रुवारी २०२२ रोजी, ५४ ॲपच्या यादीत फ्री फायर गेला. तारीख व्हॅलेंटाइन डेची असल्याने अनेकांचा विरह त्या दिवशी दुहेरी होता. इतकं येणं-जाणं बघितलेल्या या पिढीला कुठल्याच बातमीचा धक्का बसत नाही. पक्षांतराच्या बातम्याही ती त्याच शांतपणे वाचते.

हंगामाचा नारळ फुटतो तो ‘द गेम अवॉर्ड्‌स’ या सोहळ्याने. २०२५ चा सोहळा ११ डिसेंबरला लॉस एंजलिसमध्ये झाला. तिथली गुरुवारची संध्याकाळ म्हणजे कोल्हापुरातली शुक्रवारची सकाळ. वेळेचा हा फरक शहराच्या प्रकृतीला मानवतो. गंगावेशीत धारोष्ण दुधाचा ग्लास हातात घेऊन तालमीतून आलेला पोरगा आणि रात्रभर जागून लाल डोळ्यांनी आलेला पोरगा एकाच कट्ट्यावर उभे राहतात. दोघांनाही वाटतं, कसरत आपणच केली. त्या सकाळी सर्वोत्कृष्ट गेमचा मान ‘क्लेअर ऑब्स्क्युर : एक्सपिडिशन ३३’ या गेमला मिळाला. फ्रान्समधल्या माँपेलिए शहरात सँडफॉल इंटरॲक्टिव्ह नावाची छोटी कंपनी आहे, तिचा हा पहिलाच गेम. त्याने एकूण ९ पुरस्कार नेले. एका वर्षात इतके कुणी नेले नव्हते. यावर पहिली प्रतिक्रिया ‘नाद खुळा’ आणि दुसरी ‘ह्यो गेम कुठला काढलास?’ अशी उमटते. दोन्ही प्रतिक्रिया एकाच माणसाच्या असू शकतात.

मग आक्षेपांना सुरुवात होते. ज्यात पाळीपाळीने मारायचं असतं, म्हणजे आपण फटका मारून समोरच्याच्या फटक्याची वाट बघत उभं राहायचं, तो खेळ मर्दानी कसा, हा पहिला आक्षेप. दुसऱ्या आक्षेपाला आठवडाभरात खाद्य मिळतं. इंडी गेम अवॉर्ड्‌स या दुसऱ्या संस्थेने याच गेमला दिलेले पुरस्कार परत घेतले. गेम तयार होताना एआयचा वापर झाला होता, हे कारण. आठवडाभरापूर्वी ज्यांना गेमचं नाव उच्चारता येत नव्हतं, त्यांच्यात आता दोन तट पडतात आणि दोन्ही तट तावातावाने बोलतात. पाटाकडील आणि दिलबहार यांच्या फुटबॉल सामन्यांवर वाढलेल्या गावात तटस्थ राहणं हा अशक्तपणा मानला जातो.

सोहळ्याचा विषय निघाला की पुण्याचं नाव निघतंच, आणि ते कोल्हापूरकराला जड जातं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने केलेला ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ २०२० मध्ये याच पुरस्कारांत पदार्पणातल्या सर्वोत्तम गेमच्या नामांकनापर्यंत गेला होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेला ‘इंडस’ हा बॅटल रॉयलही पुण्याच्याच सुपरगेमिंगचा. यावर ठरलेलं उत्तर असं, की तिथे काम करणारी पोरं आपलीच असणार. पुरावा कुणी मागत नाही, मागण्याची पद्धतही नाही.

चर्चेचा मुख्य पदार्थ मात्र ‘व्हाइस सिटी’च्याच मालिकेतला नवा गेम, जीटीए सहा. पाचवा भाग १७ सप्टेंबर २०१३ रोजी आला. सहाव्याचा पहिला ट्रेलर डिसेंबर २०२३ मध्ये दिसला. २०२५ म्हणता म्हणता तारीख २६ मे २०२६ झाली आणि ६ नोव्हेंबर २०२५ रोजी ती आणखी पुढे, १९ नोव्हेंबर २०२६ वर, ढकलली गेली. जगभरच्या खेळाडूंनी यावर डोकं धरलं. कोल्हापूरने धरलं नाही, कारण या शहराचा प्रतीक्षेचा अभ्यास मोठा आहे. काळम्मावाडी धरणातून थेट पाइपलाइनने पाणी आणण्याचं काम, जीटीए पाच ताजा होता तेव्हापासून गावाच्या तोंडी होतं. ते पाणी नोव्हेंबर २०२३ मध्ये शहराजवळ पुईखडीला पोचलं आणि महिन्याभरात सहाचा ट्रेलर आला. या दोन घटनांचा परस्परांशी संबंध नाही, असं ठामपणे म्हणणारा माणूस कट्ट्यावर एकटा पडतो.

‘जीटीए सहाच्या आधी काय काय होऊन गेलं’ हा जगभर चालणारा विनोद इथे अर्थातच हद्दवाढीवर येऊन थांबतो. कोल्हापूरची महापालिका १९७२ साली झाली आणि शहराची हद्द तेव्हापासून आहे तिथेच आहे. त्या मानाने जीटीए बनवणारी रॉकस्टार कंपनी वक्तशीर म्हणावी लागेल. निदान ती तारीख तरी देते. गेममधल्या नकाशाचं क्षेत्रफळ वाढलं, ही बातमी म्हणूनच शहरात विशेष आदराने ऐकली जाते. उपनगरांतल्या ग्रामपंचायतींनी विरोध कसा केला नाही, एवढंच कोडं उरतं.

२०२५ च्या चर्चेत राजकारण शिरण्याचं आणखी एक कारण होतं. पाच वर्षं प्रशासकाच्या हाती असलेल्या महापालिकेची निवडणूक लागली. मतदान १५ जानेवारी २०२६ ला होतं. त्या वेळी प्रभाग बहुसदस्यीय आणि बहुतेक चार जणांचे. बीजीएमआयचा स्क्वॉडही चौघांचाच. त्यामुळे ज्येष्ठांना पॅनेल समजावून सांगण्याचं काम आपसूक पोरांकडे आलं : चौघांनी एकत्र उतरायचं, एक पडला की बाकीच्यांनी उचलायचा, आणि चौथा लूट गोळा करून झुडपात बसला तर बोंब मारायची नाही. ज्येष्ठांना हे लगेच कळलं. फक्त झुडपात बसणाऱ्याला गेममध्ये शेवटी कुणीतरी शोधून काढतं, यावर त्यांचा विश्वास बसला नाही.

पैशाच्या खेळांचा विषय थोडक्यात उरकला जातो, कारण त्यात गेलेल्या रकमा कुणी उघड सांगत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने दोन दिवसांत ऑनलाइन गेमिंगचा कायदा संमत केला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली आणि ई-स्पोर्ट्‌सला मान्यता मिळाली. ड्रीम ११ चं नाव भारतीय संघाच्या जर्सीवरून उतरलं आणि संघ आशिया चषक प्रायोजकाविना खेळला. त्याआधी जुलैत राज्याचे तत्कालीन कृषिमंत्री विधान परिषदेत मोबाइलवर रमी खेळताना दिसतात, असा व्हिडिओ गाजला होता. आपण खेळत नव्हतो, समोर आलेलं बंद करत होतो, असं त्यांचं म्हणणं होतं. घरोघरीच्या दहावीच्या मुलांना हा युक्तिवाद ओळखीचा वाटला. महिनाअखेर त्यांचं कृषी खातं गेलं आणि क्रीडा खातं आलं. मुलांना असं कधीच काही मिळत नाही.

यानंतर रॅमचा भाव. एआयच्या डेटा सेंटरांना मेमरी लागते, बनवणाऱ्या कंपन्या मोजक्या, आणि त्यांचा ओढा जास्त पैसे देणाऱ्याकडे. ३ डिसेंबर २०२५ रोजी मायक्रॉनने सामान्य ग्राहकांसाठीचा आपला क्रुशियल हा ब्रँड बंद करण्याची घोषणा केली. रॅमचे भाव काही महिन्यांत दुपटीच्या पलीकडे गेले. दुकानात पट्टी हातात घेऊन बघणाऱ्याकडे मालक आता वेगळ्या नजरेने बघतो. हा धंदा राजारामपुरीतून उचलून सराफांच्या गुजरीत न्यावा, वजनावर विकावा आणि घडणावळ वेगळी लावावी, अशी सूचना पुढे आली असून ती निव्वळ थट्टा समजण्याचं कारण नाही. लग्नात मुलाकडून सोळा जीबीची मागणी अद्याप कानावर आलेली नाही.

शेवटचा टप्पा स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातल्या हिवाळी सेलचा. २०२५ मध्ये तो १८ डिसेंबरपासून ५ जानेवारीपर्यंत होता. सेलमध्ये गेम घेतला जातो तो स्वस्त आहे म्हणून, आणि खेळला जात नाही तो घेतलेला आहे म्हणून. एकतीस डिसेंबरच्या रात्री तांबड्या-पांढऱ्या रश्श्याची पातेली रिकामी झाल्यावर कुणीतरी ‘चला, नवीन गेम लावूया’ म्हणतो. डाउनलोड शंभर जीबीच्या वर असतं. ते चार टक्क्यांवर असताना मंडळी पुन्हा पुरस्कारांवर येतात, अकरा टक्क्यांवर हद्दवाढीवर, आणि सतरा टक्क्यांवर घरमालक वायफायचा पासवर्ड बदलल्याचं कळवतो. सेल संपायच्या दिवशी तोच गेम आणखी एक जण विकत घेतो.