तीनशे मीटरचं कर्ज

मुंबईच्या अभियंत्यांना आमचा दंडवत. ‘मेट्रो ३’साठी त्यांनी १७ यंत्रं जमिनीत उतरवली, त्यांना कृष्णा, गोदावरी, तापी, वैनगंगा अशी नद्यांची नावं दिली आणि मिठीच्या पात्राखालून, गिरगाव-काळबादेवीच्या जुन्या वस्तीखालून भुयार खणून दाखवलं. आरे ते कफ परेड ३३.५ किलोमीटर. २७ स्टेशनं, त्यातली २६ पाताळात. ९ ऑक्टोबर २०२५पासून हा सगळा मार्ग प्रवाशांसाठी सुरू आहे. मूळ अंदाज २३,१३६ कोटींचा होता, तो ३७ हजार कोटींच्या पलीकडे गेला. त्याबद्दल तक्रार नाही. तेवढ्या काळात गोरेगावात दोन खोल्यांचा भाव काय झाला ते पाहता भुयार स्वस्तातच पडलं म्हणायचं.

तक्रार आहे ती सरकत्या जिन्याने वर आल्यावर. खाली मुंबईकर इतका सभ्य होतो की ओळखू येत नाही. थुंकत नाही, उतरणाऱ्याला आधी उतरू देतो. वर येतो आणि पाय कुठे ठेवावा हेच त्याला कळत नाही. दादरचंच घ्या. मेट्रोचं दादर गोखले रोडवर, लोकलचं दादर रानडे रोडच्या टोकाला. मधे कुर्ते, भेंडी, गजरे, मोबाइलची कव्हरं आणि उलट दिशेने येणारी स्कूटर. फुटपाथ कुठे आहे हे फक्त फेरीवाल्याला विचारावं. तो त्यावरच बसलेला असतो.

वांद्रे-कुर्ला संकुलात, म्हणजे बीकेसीत, फेरीवाले कमी, पण अंतरं मोठी. जवळचं भाडं म्हटलं की रिक्षावाल्याची मान आपोआप हलते. त्यावर सरकारने पॉड टॅक्सीची योजना मंजूर केली आहे. माणसाला चालू देण्यापेक्षा त्याला डब्यात घालून अधांतरी सोडणं सोपं, असं या शहराचं ठाम मत दिसतं.

पाण्याचं प्रकरण आणखी रंगतदार. आचार्य अत्रे चौक स्टेशन १० मे २०२५ला प्रवाशांना खुलं झालं आणि २६ मेच्या पहिल्याच मुसळधार पावसात तुंबलं. काम चालू असलेल्या प्रवेशमार्गाची भिंत पडली म्हणे. म्हणजे इथेही भुयाराने दगा दिला नाही, दारानेच दिला. ‘मराठा’चे संपादक आचार्य अत्रे हयात असते तर दुसऱ्या दिवशीच्या अग्रलेखाची सुरुवात दहा हजार वर्षांपूर्वीपासून झाली असती. स्टेशनाला नाव देताना सरकारने एखादा अबोल माणूस शोधायला हवा होता.

मोबाइलचं तर विचारूच नका. उद्घाटन झालं तेव्हा मेट्रो कंपनी आणि मोबाइल कंपन्या भाड्यावरून अडून बसलेल्या. तिकीट मोबाइलवर, मोबाइल मुका. मग तिकिटापुरतं वाय-फाय आलं.

पण हे सगळं मिटेल. पंप लागतील, रेंज येईल. फुटपाथ मात्र होणार नाही आणि त्याचं कारण आम्हाला सापडलं आहे. या शहरात ज्याला नंबर आहे, रंग आहे आणि परदेशी कर्ज आहे तेच पूर्ण होतं. मेट्रोला ३ हा नंबर मिळाला, ॲक्वा हा रंग मिळाला, जपानच्या ‘जायका’चं कर्ज मिळालं. फुटपाथाकडे यातलं काय आहे? त्याचं साधं भूमिपूजनही कुणी करत नाही, कारण कुदळ मारायला जागा करायची तर आधी स्कूटर हलवावी लागेल.

तेव्हा महापालिकेला विनंती, की स्टेशनापासून पुढच्या फुटपाथाला ‘मार्गिका ३-अ’ म्हणावं आणि तिला राखाडी रंग द्यावा, म्हणजे धूळ दिसणार नाही. आणि ‘जायका’ला हात जोडून सांगणं, की ३३.५ किलोमीटरचं दिलंतच आहे, तर दर स्टेशनामागे आणखी तीनशे मीटरचंही द्या. फेडायला आम्ही आहोतच.