अठ्ठावीस दिवस न हलणारा पैसा

ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसाची एक अट आहे. पहिल्या वर्षाची उरलेली फी आणि नऊ महिन्यांपर्यंतचा राहण्याचा खर्च खात्यावर सलग २८ दिवस दिसला पाहिजे. खर्चाचा हिशेब लंडनबाहेर महिन्याला अकराशेहून जास्त पौंड, लंडनमध्ये दीड हजारांच्या आसपास. मधे एक दिवस शिल्लक खाली आली, तर अर्ज तिथेच अडतो.

आता अक्कलकोट तालुक्यात या. इथला पैसा उडदाचा, तुरीचा, उसाचा. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे उसाचं बिल १४ दिवसांत मिळायला हवं. ते किती वेळा मिळतं, हे कोणत्याही शेतकऱ्याला विचारा. मिळालं तरी सोसायटीचं कर्ज कापून घेतलं जातं, खतवाल्याची उधारी जाते, उरलेलं बियाण्यात. चौदा दिवसांत यायचा पैसा वेळेवर येत नाही आणि आलेला अठ्ठावीस दिवस थांबत नाही.

म्हणून असं शेतकऱ्याचं घर गरीब असतं असं नाही. दहा एकर बागायत आहे, गोठा भरलेला आहे, घरात सोनं आहे. पण शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, त्यामुळे रिटर्न कधी भरलेलं नाही. हातात आहे तो तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, आणि तो फी सवलतीसाठी काढलेला, लाखाच्या आतला. हाच कागद व्हिसा अधिकाऱ्यापुढे गेला तर तो काय समजणार?

कर्ज काढा, असं सगळे सांगतात. मोठ्या रकमेला बँक तारण मागते. शेतजमीन म्हटलं की साहेब मान हलवतात. २००२ च्या सरफेसी कायद्याच्या कलम ३१ मध्ये शेतजमिनीला संरक्षण आहे. बँकेला त्या कायद्याने ती विकता येत नाही. हे संरक्षण हवंच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्यामुळे सोलापुरात फ्लॅट असलेल्या नोकरदाराच्या मुलाचं काम होतं आणि कुरनूर धरणाच्या पाण्यावर ऊस काढणाऱ्याची मुलगी मागे राहते. दोघांचे मार्क सारखेच असले तरी. शेतकऱ्याच्या मुलांसाठी सरकारने हमी द्यावी, हा यावरचा सरळ उपाय आहे. तो कोणी का करत नाही?

या कोंडीतच एजंट शिरतो. ‘फंड दाखवून देतो, काळजी करू नका.’ म्हणजे महिन्याभरासाठी व्याजाने पैसे, नाहीतर सरळ बनावट स्टेटमेंट. मला या माणसांचा संताप येतो. खोटेपणा पकडला गेला तर ब्रिटनचं दार १० वर्षं बंद होऊ शकतं, कॅनडाचं ५ वर्षं, अमेरिकेचं जवळजवळ कायमचं. अर्जावर सही पोरीची असते, एजंटाची नव्हे. २०२३ मध्ये कॅनडात बनावट प्रवेशपत्रांचं प्रकरण उघड झालं. शिक्षण पूर्ण केलेल्या मुलांवरही देश सोडायची पाळी आली होती. त्यातल्या कित्येकांना आपलं पत्र खोटं आहे हे ठाऊकही नव्हतं.

एजंट जे सांगत नाही ते मी सांगतो. बँकेचं शैक्षणिक कर्ज मंजूर झाल्याचं पत्र असेल, तर तेवढ्या रकमेला ब्रिटनची २८ दिवसांची अट लागत नाही. जर्मनीला ११,९०४ युरो ब्लॉक्ड खात्यात ठेवावे लागतात, पण ते बुडत नाहीत. महिन्याला ९९२ प्रमाणे मुलालाच परत मिळतात. तिथे नोव्हेंबर २०२२ पासून शिक्षणाचे कागद तपासल्याचं एपीएस प्रमाणपत्रही लागतं. अमेरिकेचे १८५ डॉलर व्हिसाचे आणि ३५० सेव्हिस या विद्यार्थी नोंदणीचे, नकार आला तरी परत नाहीत. वर मुंबईच्या खेपा, सिद्धेश्वर एक्स्प्रेसने.

बाबासाहेब १९१३ साली सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले, तेव्हा अमेरिकेला व्हिसा लागत नव्हता. आज अनुसूचित जातीच्या मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. जागा ७५, अख्ख्या महाराष्ट्राला मिळून. त्या वाढवा, आणि यादी जुलैच्या आत लावा. सप्टेंबरला वर्ग सुरू झाल्यावर आलेलं पत्र घेऊन पोरगं जाणार कुठे?

आणि घरच्यांनो, एक काम तुमचं. आपला तालुका सीमेवरचा. घरात कन्नड, शाळेत मराठी, पासपोर्टवर इंग्रजी. बाप सातबारावर मल्लप्पा, आधारवर मल्लिकार्जुन, मुलीच्या कागदांवर मल्लिनाथ. पैसे बापाच्या खात्यातले असतील तर तो तिचाच बाप आहे, हे कागदावर सिद्ध करावं लागतं. त्याला महिने जातात. दिवाळीला पोरगी घरी आली की सातबारा, आधार आणि तिचा जन्मदाखला शेजारी शेजारी ठेवा, आणि तिन्हींवरचं बापाचं नाव एकदा मोठ्याने वाचा.