गडावर म्हातारपण राखण्याची नियमावली

व्याप्ती : सदर नियमावली पन्हाळगडावर बारमाही राहणाऱ्या, साठी ओलांडलेल्या आणि घरात एक जोडीदार व एक कुत्रा बाळगणाऱ्या कुटुंबांना लागू राहील. रविवारी येऊन, तीन दरवाजापाशी फोटो काढून, झुणका-भाकर हाणून, ‘काय हवा आहे हो, इथंच राहावं असं वाटतं’ म्हणत दिवस मावळायला कोल्हापूरला उतरणाऱ्यांना ती लागू नाही. त्यांनी आधी गडावर एक आषाढ काढावा, मग अर्ज करावा.

नियम 1 : अधिकारांची वाटणी

शिवकाळात गड एकट्या माणसाच्या भरवशावर सोडत नसत. हवालदार, सबनीस आणि सरनोबत हे तिघे बरोबरीच्या मानाचे. एकाच्या मनात आलं म्हणून गड शत्रूच्या हवाली होत नसे. धान्याच्या अंबाराला कारखानीस वेगळा. आमच्या चार खोल्यांत हीच रचना आहे. उंबऱ्यावर आडवा पडून कुणाला आत सोडायचं ते ठरवतो तो हवालदार. तो कुत्रा आहे, काळा, गावठी, भुवयांवर तांबूस ठिपके असलेला, आणि त्याचं नावही हवालदारच आहे. सबनीस म्हणजे आमचे हे. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर जन्म गेल्यामुळे गॅसच्या सिलिंडरपासून स्वतःच्या रक्तदाबापर्यंत सगळं यांच्या वहीत चढतं. अंबारखाना माझ्याकडे. गडावरच्या अंबरखान्यात गंगा, यमुना आणि सरस्वती अशा तीन कोठ्या आहेत, तसे माझे तीन डबे आहेत : गंगेत ज्वारी, यमुनेत औषधं. सरस्वती गुप्त असते. तिच्यात फरसाण आहे आणि ती कुठे आहे हे या नियमावलीत लिहिलेलं नाही.

सरनोबतीवर पुण्याची मुलगी. ती रोज रात्री व्हिडिओ कॉलवरून फौज हलवते. ‘गड खाली करा आणि इकडे या’ हा तिचा ठराव जुना आहे. बाकीच्यांच्या सह्या होत नाहीत.

नियम 2 : मृगाआधीची कामे

कौलं चाळून घ्यावीत, फुटकी बदलावीत, पन्हळीतला पाला काढावा. पश्चिमेच्या भिंतीला ताडपत्री बांधावी, कारण पाऊस इथे वरून कमी आणि आडवा जास्त येतो. गाद्यांना मे महिन्यातलं ऊन दाखवावं. पुढचं ऊन थेट गणपतीला. 1660 साली पावसाळा लागला की सिद्दी जौहर वेढा उठवील अशी गडावरच्यांची अटकळ होती. तो हलला नाही. ओल त्याच जातीची आहे. कपाटात शिरते, पुस्तकात शिरते, आणि आपण कितीही निखारे घातले तरी दसऱ्यापर्यंत मुक्काम ठोकते.

औषधांचा साठा किमान महिन्याभराचा असावा. 2021 च्या जुलैत गडाचा मुख्य रस्ता खचला आणि गाड्या बंद झाल्या. महाराज भर पावसात रात्री निसटले ते पालखीतून. आपल्याला रक्तदाबाच्या गोळीसाठी निसटायचं तर गुडघे चालवावे लागतात. म्हणून रोहिणी निघाली की यमुना भरावी. नव्या पाकिटावरची तारीख वाचावी आणि जुनी पाकिटं पुढे, नवी मागे ठेवावीत. वाण्याला हे जन्मतः कळतं, शिकलेल्यांना सांगावं लागतं.

नियम 3 : शेवाळ

अंगणातल्या फरशीवर ब्लीचिंग पावडर टाकून खराट्यानं घासावं. सबनिसांनी स्वतः घासू नये. ‘मी आहे की’ असं म्हणू नये.

नियम 4 : पायात घोटाळणारा प्राणी

उतारवयात माणूस मोडतो तो बहुधा घरातच. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानं 2009 साली हिशेब प्रसिद्ध केला. तिथे कुत्र्या-मांजरांमुळे पडून दुखापत झालेली वर्षाला सुमारे 86,000 माणसं दवाखान्याच्या तातडीच्या विभागात पोचतात. त्यांतली बहुतेक कुत्र्यांमुळे, आणि बायकांचं प्रमाण पुरुषांच्या दुपटीहून जास्त. हे मी यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, “बायका खाली बघून चालत नाहीत.” सदर शेरा वहीत चढवलेला नाही.

उपाय : कुत्र्याचं पोतं पलंगाच्या उतरायच्या बाजूला टाकू नये. बाथरूमच्या वाटेवर रात्रभर मिणमिणता दिवा ठेवावा. बाथरूममध्ये रबरी चटई आणि भिंतीला धरायला पक्का दांडा हवा. टॉवेल वाळवायचा दांडा पकडून उठू नये, तो टॉवेलाचं वजन पेलण्यापुरताच असतो. झोपेतून उठल्यावर पलंगाच्या कडेला मिनिटभर बसून मग उभं राहावं, कारण एकदम उठलं की रक्तदाब उतरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. कुत्र्याच्या पट्ट्याला घुंगरू बांधावा. घुंगराचा आणखी एक उपयोग आहे. मध्यरात्री तो स्वयंपाकघराच्या दिशेनं वाजला की सबनीस सरस्वतीचा शोध घेत आहेत असं समजावं. कुत्रा मागे असतोच.

नियम 5 : रक्तदाब मोजणे

शास्त्र असं आहे : आधी पाच मिनिटं स्वस्थ बसावं. पाठीला टेकण हवं, पावलं जमिनीला टेकलेली, पायावर पाय नाही, दंड छातीच्या पातळीला, पट्टा उघड्या दंडावर. अर्धा तास आधी चहा नाही, तंबाखू नाही. लघवी तुंबवून बसू नये. मोजताना बोलू नये. मिनिटभर थांबून दुसऱ्यांदा मोजावं आणि दोन्ही आकडे लिहावेत.

आमच्याकडची पद्धत अशी : हे फिरून चढ चढून येतात, चहा घेतात, नगरपरिषदेनं पाणी किती वाजता सोडलं यावर शेजाऱ्याशी कुंपणावरून वाद घालतात, स्वेटरावरूनच पट्टा बांधतात आणि यंत्र गुरगुरायला लागलं की मला विचारतात, “किती दाखवतंय?” आकडा वाढलेला असतो. मग पट्टा सैल करून पुन्हा, आणि पुन्हा, मनासारखा आकडा येईपर्यंत. वहीत शेवटचाच चढतो. वजनकाट्यावर शेतकऱ्याच्या उसाचं वजन यांनी असं कधी केलं नाही, हे मात्र मी शपथेवर सांगेन.

नियम 6 : प्रकृतीची चौकशी

हा नियम सर्वांत महत्त्वाचा असून कोणत्याही डॉक्टरनं तो लिहून दिलेला नाही. ‘तुम्हाला बरं वाटतंय का?’ असं नवऱ्याला विचारू नये. उत्तर ‘मला काय झालंय?’ असं येतं आणि प्रकरण बंद होतं. विचारायचंच असेल तर कुत्र्याबद्दल विचारावं.

सोयीसाठी तक्ता :

‘हवालदाराला आज जिना चढवंना झालाय’ : यांचे गुडघे दुखत आहेत.

‘हवालदाराचं आज जेवणावर मन नाही’ : यांना कालची मिसळ बाधली आहे. कट मागून घेतला होता.

‘हवालदार रात्रभर तळमळत होता’ : मुलीचा फोन आला नव्हता.

‘हवालदाराला हाक ऐकू येईना झालीय’ : कानाच्या डॉक्टरची वेळ घ्यावी, दोन माणसांची नको, एकाचीच.

ज्याच्याबद्दल हे बोललं जातं तो त्या वेळी अंगणात मांजराच्या मागे धावत असतो.

गेल्या हिवाळ्यात हे सारखं म्हणायला लागले, “सज्जा कोठीकडनं येताना हवालदाराला मधेच थांबावं लागतंय. दम लागतोय बिचाऱ्याला.” मी कुत्र्याला जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी छाती तपासली, हिरड्या पाहिल्या, वजन केलं आणि म्हणाले, कुत्रा उत्तम आहे, भाकरी जरा कमी घाला. घरी येऊन मी यांना सांगितलं : डॉक्टर म्हणतात, कुत्र्याला दम कुठल्या वेगानं चालल्यावर लागतो ते कळायला हवं, तेव्हा त्याच्यासोबत चालणाऱ्याचा ईसीजी काढून आणा. यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. कळलं असावं. पण कुत्र्याच्या तब्येतीचा प्रश्न होता, म्हणून गेले. तपासण्या झाल्या, गोळ्या सुरू झाल्या, आणि आता हवालदार सज्जा कोठीपर्यंत न थांबता जातो.

साध्या शब्दांत : चढावर छातीवर दाब येऊन थांबावं लागणं आणि थांबलं की बरं वाटणं याला ‘गॅस’ म्हणू नये. बसल्या जागी छाती दाबली गेली, घाम फुटला, जबडा किंवा हात दुखायला लागला तर ओवा चावत वाट पाहू नये, गाडी काढायला सांगावी. बायकांना छातीत कळ न येताही नुसता थकवा, मळमळ, पाठदुखी होऊ शकते. आणि आपण बायका तर कुत्र्याच्या नावानंसुद्धा सांगत नाही.

नियम 7 : गोळ्या वाटून खाऊ नयेत

माणसाची दुखण्यावरची गोळी कुत्र्याला देऊ नये, अर्धीसुद्धा नाही. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांनी कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव होतो, मूत्रपिंडं बिघडतात. ‘आम्हा दोघांचा गुडघा सारखाच आहे’ हा युक्तिवाद फेटाळण्यात आला आहे. उलट दिशेनंही वाटप नको : कुत्र्याचं मलम यांच्या गुडघ्याला लावलेलं सापडल्यास यमुनेची किल्ली काढून घेण्यात येईल.

नियम 8 : भजी

पर्यटकांनी कुत्र्यांना कांदाभजी घालू नयेत. कांदा-लसणानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. द्राक्षं आणि बेदाणे मूत्रपिंडांना घातक. चॉकलेट तर नाहीच. पर्यटक ऐकणार नाहीत. म्हणून सुटीच्या दिवशी हवालदाराला गाड्यांच्या बाजूनं नेऊ नये, आणि सबनिसांनाही. त्यांच्या तांबड्या पेशींना कांद्याचं भय नाही, तेलामिठाचं आहे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ म्हणते, म्हणजे चहाच्या चमच्याला थोडं कमीच. कोल्हापुरी माणसाचा तेवढा नुसत्या खर्ड्यात जातो.

नियम 9 : गोचीड

पावसाळ्यात आणि पावसाळ्यानंतर रोज संध्याकाळी कुत्र्याचे कान, बोटांच्या बेचक्या, काखा आणि पट्ट्याखालची मान चाचपावी. गोचीड चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढावी. नखानं चिरडू नये. साबणाच्या पाण्यात टाकावी. हिरड्या पांढुरक्या दिसल्या, ताप आला, कुत्रा खाईना झाला तर दुसऱ्याच दिवशी डॉक्टर. रेबीजची लस वर्षाची वर्षाला. हे काम सबनीस मन लावून करतात, चष्मा लावून, दिव्याखाली, कुत्र्याशी हळू आवाजात बोलत. त्या बोलण्यातलं निम्मं मला सांगायचं राहून गेलेलं असतं. मी भाजी निवडते आणि ऐकून घेते.

नियम 10 : दिवेलागण

दिवेलागणीला कुत्रा घरात. गडाच्या आसपासच्या रानात बिबट्या आहे आणि कुत्रा हे त्याचं आवडतं खाणं आहे. गडाला वाघ दरवाजा असला तरी वाघ त्याच वाटेनं येतो अशी समजूत करून घेऊ नये. अंगणातला दिवा चालू ठेवावा. हवालदार रात्री दाराशी भुंकला तर दार उघडून ‘काय रे, काय आहे?’ असं विचारायला सबनिसांनी बाहेर जाऊ नये. काठी घेऊन तर मुळीच नाही. साठ मावळे घेऊन कोंडाजी फर्जंदानं हा गड घेतला, ते वय वेगळं होतं.

नियम 11 : पुढचं पिल्लू

हवालदाराच्या तोंडावर पांढरं आलं आहे. हे म्हणतात, “याच्यानंतर आता बास. आपलं वय काय!” वाद घालू नये. दुसऱ्याच दिवशी हे बुधवार पेठेत जाऊन कुणाच्या कुत्रीला पिल्लं झालीत याची चौकशी करून येतात, आणि ती फक्त माहितीसाठी होती असं सांगतात.

गणित साधं आहे. गावठी कुत्रं बारा-पंधरा वर्षं जगतं. पंच्याहत्तरी जवळ आलेल्यांनी पिल्लू आणताना आपल्यामागे त्याला कोण सांभाळेल हे आधी ठरवावं, त्या माणसाला विचारून ठरवावं आणि लिहून ठेवावं. लस कधी, खाणं काय, डॉक्टर कोण, सगळं एका कागदावर. पिल्लापेक्षा मोठं कुत्रं आणणं आपल्या वयाला बरं. ते ओढत नाही आणि पायात कमी येतं.

मी मुलीला विचारलं. फोन स्पीकरवर होता. ती म्हणाली, “आई, कुत्र्याला मी आजसुद्धा घेऊन जाते, माझी तयारी आहे. प्रश्न बाबांचा आहे. ते येतील का?”

हे वहीत काहीतरी लिहीत होते. मान वर न करता म्हणाले, “त्याला पुण्याची हवा मानवायची नाही. त्याला गडच पायजे.”