पूर ओसरण्यापूर्वी गुन्हेगार कसा शोधावा

(नवोदित बातमीदारांसाठी)

कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांना पोचली की इशारा पातळी, 43 फुटांना धोका पातळी. पाटबंधारे खात्याने आपल्या धंद्यासाठी वेगळी पातळी ठरवून दिलेली नाही, पण अनुभवाने सांगतो, ती साधारण 41 फुटांवर असते. तिथे बातमीदाराने पावसाचा नाद सोडावा आणि सरकारकडे वळावे. 43 फुटांनंतर लोक बोटीत असतात, बाईट मिळत नाही.

पहिले काम म्हणजे मुंबईत कोण बसले आहे आणि बंगळुरात कोण, हे पाहून घेणे. रेनकोट नंतर घातला तरी चालेल. 2005 च्या महापुरात दोन्हीकडे काँग्रेसचे मुख्यमंत्री होते. 2019 मध्ये दोन्हीकडे भाजपचे. 2021 मध्ये इकडे महाविकास आघाडी, तिकडे भाजप. धरण मात्र तिन्ही वेळा तेच होते, कर्नाटकातली 519.60 मीटरची अलमट्टी. म्हणून अलमट्टीवर विसंबू नये. ती आपल्याला साथ देते, पण कोणाच्या बाजूने ते दर वेळी नव्याने ठरवावे लागते.

सरकार आपल्या मालकांच्या मर्जीतले असेल तर संकट अस्मानी. नसेल तर सुलतानी. हे आजोबांच्या काळापासून चालत आले आहे, आपण फक्त शब्द बदलले. अस्मानीसाठी ‘विक्रमी’, ‘अभूतपूर्व’ आणि ‘ढगफुटीसदृश’ असे तीन शब्द टेबलावर तयार ठेवावेत. यातला ‘सदृश’ फार गुणी. ढगफुटी म्हटले की कोणीतरी तासाला किती मिलिमीटर ते विचारतो. ‘सदृश’ला कोणी काही विचारत नाही. सुलतानीसाठी ‘मानवनिर्मित’ हा एकच शब्द पुरतो, फक्त तो कोणत्या मानवाने निर्मिला ते पहिल्याच ओळीत आले पाहिजे.

आता आकडे. आकडा खोटा कधीही देऊ नये, त्याची गरजच पडत नाही. धरणाचे दोन आकडे असतात, आवक आणि विसर्ग. दोन्ही शेजारी शेजारी छापले तर वाचकाला कळते की जेवढे येते आहे तेवढेच सोडताहेत, आणि बातमी जागच्या जागी मरते. सबब विसर्ग मथळ्यात घ्यावा आणि आवक जागेअभावी गाळावी. कर्नाटकावर राग काढायचा असेल तर अलमट्टीचा विसर्ग, मुंबईवर काढायचा असेल तर कोयनेचा. कोयना 105 टीएमसीची आहे, कोणत्याही मथळ्याला पुरून उरते. ‘धरण आधीच रिकामे का केले नाही?’ ही बातमी ऑगस्टमध्ये लावावी. ‘पावसाळ्यात पाणी सोडून का दिले?’ ही मे महिन्यात. दोन्हींवर नाव एकाच बातमीदाराचे असले तरी बिघडत नाही, मधे दिवाळी अंक येऊन गेलेला असतो.

एका ठिकाणी मात्र भलेभले फसतात. राधानगरीला सात दरवाजे आहेत आणि ते स्वयंचलित आहेत. पाणी ठरलेल्या पातळीला आले की आपले आपण उघडतात, उतरले की मिटतात. मंत्र्याचा फोन नाही, अभियंत्याची सही नाही. मी स्वतः एका पावसाळ्यात ‘राधानगरीचे दरवाजे रातोरात कोणी उघडले?’ असा मथळा दिला होता. दुसऱ्या दिवशी एका निवृत्त शाखा अभियंत्याने कार्यालयात फोन करून सांगितले, ‘‘पाण्यानं.’’ शाहू महाराजांच्या धरणाला पक्ष चिकटवता येत नाही हे ध्यानात ठेवून तिथे ‘दरवाजे उघडले गेले’ असा कर्मणी प्रयोग करावा. कर्ता वाचक आपापल्या मतदारसंघानुसार भरून घेतो.

दृश्यांचे पाहू. ऑगस्ट 2019 मध्ये तत्कालीन जलसंपदामंत्री गिरीश महाजन पुराच्या बोटीतून हसत हात हलवताना दिसले. ते काही सेकंद विरोधात वापरायचे तर दिवसभर फिरवावेत, बाजूने वापरायचे तर ‘मंत्री स्वतः पाण्यात उतरले’ म्हणावे. त्याच आठवड्यात, 8 तारखेला, पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला गावकऱ्यांना घेऊन निघालेली बोट उलटली आणि माणसे बुडाली. बोटीत किती जण बसू शकतात, लाइफ जॅकेट किती होती, नदीकाठच्या गावाला बोटी कोण देतो आणि त्या कोण तपासतो, असले प्रश्न विचारत बसाल तर संध्याकाळच्या चर्चेला कोणीही प्रवक्ता येणार नाही.

पूरग्रस्तांच्या मुलाखती घ्याव्यात, पण जपून. निवारा केंद्रात एका बाईंना मी विचारले, सरकारबद्दल काय वाटते? त्या म्हणाल्या, ‘‘सरकारचं र्‍हाऊ दे, बाबा. माझी म्हस दावणीला बांधलीया. तुमची बोट तिकडं जाती काय?’’ एवढा चांगला चेहरा आणि एक शब्दही वापरता आला नाही.

चौकशी समित्यांपासून सांभाळून राहावे. 2019 च्या पुरानंतर नंदकुमार वडनेरे यांची समिती फडणवीस सरकारने नेमली, अहवाल पोचेपर्यंत मुख्यमंत्री उद्धव ठाकरे. समितीने कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाला आणि हिप्परगी बंधाऱ्याला दोषातून मोकळे केले आणि अतिवृष्टीबरोबर पूरक्षेत्रातल्या अतिक्रमणांवर बोट ठेवले. आता पूररेषेच्या आतली बांधकामे म्हणजे कोणाची? परवानगी एका पक्षाच्या काळात, गुंठेवारी दुसऱ्याच्या, भराव तिसऱ्याच्या. सगळेच आले म्हणजे बातमीला कोणीच उरत नाही. आतल्या पानावर एक कॉलम, खाली हवामान.

तसेही ते पान मोकळे ठेवावे लागते. दसऱ्याच्या सुमारास जाहिराती सुरू होतात, ‘नदीच्या कुशीत तुमचे हक्काचे घर’. मागच्या खेपेला अशाच एका इमारतीत मी सदनिका पाहायला गेलो होतो, बातमीसाठी नव्हे, जावयासाठी. पार्किंगच्या भिंतीवर डोक्याच्याही वर चिखलाची पिवळट रेघ होती आणि रंगारी शिडीवर चढून तिच्यावर ब्रश मारत होता. दुसरा हात दिला तरी ती पुसट दिसतच होती. खालून मालक म्हणाला, ‘‘अजून एक मार. आणि साहेब पेपरातले आहेत, त्यांना चहा सांग.’’

चहा चांगला होता. जाहिरात पहिल्या पानावर लागली, ‘मानवनिर्मित महापूर : वर्ष उलटले, दोषी मोकाट’ या आमच्या मालिकेच्या अगदी खाली.