अण्णांचा टॉलरन्स

अण्णांनी ओझरच्या एचएएलमध्ये उभी हयात मिगचे सुटे भाग तपासले. आता भाग येत नाहीत म्हणून माणसं तपासतात. सोसायटीची लिफ्ट, जावयाचं ड्रायव्हिंग, काकूंच्या पोळीचा व्यास, सगळं एकतर 'स्पेकमध्ये' असतं, नाहीतर 'रिजेक्ट'.

अशा माणसाला मुलाने टू-डी इकोला नेलं. डाव्या कुशीवर झोपवून डॉक्टरांनी छातीला जेली लावली, तोच अण्णांनी विचारलं, "मशीन शेवटचं कॅलिब्रेट कधी केलंत?"

"काका, श्वास धरा."

श्वास धरला, पण तेवढाच वेळ. सुटल्याबरोबर म्हणाले, "अल्ट्रासॉनिकने आम्ही धातूतली चीर शोधायचो. मूळ मशीन आमचंच!" यात फुशारकी असली तरी थाप नव्हती. १९५३ साली स्वीडनमध्ये एडलर आणि हर्ट्झ या जोडीने हृदयाचा पहिला इको घेतला, त्याआधी हर्ट्झने माल्मोच्या जहाज कारखान्यातलं धातू तपासायचं यंत्रच मागून आणून पाहिलं होतं.

रिपोर्ट आला. ईएफ ६० टक्के, नॉर्मल. नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर सकाळी फिरणारी मंडळी हा आकडा दहावीच्या मार्कांसारखा सांगतात. कुणाचे ६२ असले की ५८ वाल्याचा चेहरा पडतो. अण्णांना या अडाणीपणाची चीड आहे. "अहो, डाव्या कप्प्यात १०० मिली रक्त भरलं आणि ठोक्याला ६० बाहेर गेलं, एवढंच ते! पुरुषाला ५२ ते ७२ चालतं, बाईला ५४ ते ७४. मोजणारा बदलला तरी चार-पाच टक्के हलतात."

त्यांचा सवाल वेगळाच. हा नॉर्मल ठरवला कुणाला मोजून? पाश्चात्त्यांना मोजून ठरलेली मापं आपल्याला जशीच्या तशी लावायची? शंका रास्त आहे. भारतासह १५ देशांतल्या निरोगी माणसांची हृदयं पुढे मोजली गेली, तेव्हा आशियाई माणसाचा डावा कप्पा आकाराने लहानच निघाला. हे कळल्यावर अण्णा आठवडाभर खुशीत होते. जणू ड्रॉइंगमधली चूक त्यांनीच पकडली होती.

मग कुणीतरी सांगितलं की नॉर्मलच्या रेषा साधारण ९५ टक्के निरोगी लोक आत बसतील अशा आखतात. म्हणजे शंभरातले पाच ठणठणीत असूनही बाहेर! अण्णांची झोप उडाली. मैदानावर ते प्रत्येकाकडे 'पाचातला हाच का?' अशा नजरेने बघू लागले.

शेवटी त्यांनी 'नाशिकचा नॉर्मल' काढायचं ठरवलं. वही केली, अटी लिहिल्या: बीपी नको, शुगर नको, हृदयाचं दुखणं नको, गोळी नको. पहिल्या फेरीतच निम्मं मैदान रिजेक्ट. उरलेल्यांतला एक सकाळी फिरून झाल्यावर मिसळीचा दुसरा रस्सा मागवताना सापडला. अटीत तर्री नव्हती, तरी अण्णांनी शेरा मारलाच: 'निरीक्षणाखाली'.

रात्री वही तपासताना पहिलंच नाव स्वतःचं दिसलं. त्यांनी ते लाल पेनाने खोडलं.

"बीपीची अर्धीच तर गोळी घेता," काकू म्हणाल्या. "तेवढी टॉलरन्समध्ये बसत नाही?"

"पार्टी ओळखीची असली," अण्णा टोपण लावत म्हणाले, "तर अजिबात नाही."