दीड तासावरचं गाव

आपल्याकडे अंतर विचारलं की माणूस वेळ सांगतो. मुंबईहून पुणं? तीन तासांवर. किलोमीटर सांगणारा एक तर सर्व्हेअर असतो, नाहीतर पेट्रोलचे पैसे मागणार असतो.

कॅनडाच्या पार उत्तरेला, नुनावुत प्रदेशात, रेझोल्यूट आणि ग्रीस फियॉर्ड अशी दोन इनुइट गावं आहेत. 2021 च्या जनगणनेत दोन्ही मिळून माणसं 327. गर्दीच्या वेळचा लोकलचा एक डबा त्यांना पुरे. मधलं अंतर सरळ रेषेत सुमारे 380 किलोमीटर. रस्ता नाहीच, विमानाने साधारण दीड तास.

आता गंमत बघा. रेझोल्यूटहून दहाला उडालात तर ग्रीस फियॉर्डला साडेबारा वाजलेले असतात. तिथून लगेच साडेबाराला उलटे फिरलात तर रेझोल्यूटला एक! जायला अडीच तास, यायला अर्धा. कारण एवढंच की रेझोल्यूटचं घड्याळ तासभर मागे आहे. होकायंत्राचाही भरवसा धरू नये. पृथ्वीचा चुंबकीय ध्रुव गेल्या शतकात याच भागात फिरत होता, त्यामुळे उत्तरेला आल्यावर नेमकी उत्तर दाखवायलाच ते कुरकुरतं.

विमान ट्विन ऑटर. दोन पंखे, फार तर एकोणीस माणसं, त्यातही सामान वाटेकरी. ग्रीस फियॉर्डची धावपट्टी खडीची आणि तोकडी. अलीकडे समुद्र, पलीकडे डोंगर. ढग खाली आले की दीड तासाचे दोन दिवसही होतात, आणि भांडायला समोर कोणी नसतं.

ही गावं मुळात इतकी लांब लांब का बसली? 1953 साली कॅनडा सरकारने क्वेबेकमधल्या इनुकजुआकची कुटुंबं उचलून सुमारे 2,000 किलोमीटर उत्तरेला नेली. शिकार मुबलक आहे, नाही रुचलं तर दोन वर्षांत परत आणू, असा वायदा होता. सगळ्यांना एकाच ठिकाणी उतरवणार नाहीत, हे कळलं ते बोटीवर चढल्यावर. काही रेझोल्यूटला उतरली, काही एल्समिअर बेटावर, जिथे पुढे ग्रीस फियॉर्ड वसलं. एकाच गोतावळ्यातली माणसं, आणि मध्ये हे 380 किलोमीटर. कुठल्याशा कचेरीत ठरलेले. दोन वर्षांचा वायदा राहिला बाजूला. माफी आली ती 2010 साली. सरकारी कागद तिथेही आपल्याच चालीने चालतो म्हणायचा.

तर कोणी विचारलं, तर बेधडक दीड तास सांगा. स्वतः निघालात, तर मात्र औषधं चार दिवसांची जास्त घ्या, आणि परतीची तारीख घरी सांगू नका.