पोदारचा बीकॉम

अहो वहिनी, त्या चादरी राहू द्यात दोरीवर, आधी कुंपणापाशी या. काल निनादनं घर डोक्यावर घेतलं होतं म्हणे? चोरून नाही हो ऐकलं, आवाज पार आमच्या ओट्यापर्यंत येत होता! बीकॉम झाला, आता सीए नको, कंटेम्पररी डान्स करायचाय. आणि भावजी गरजले, नाचून कुणाचं पोट भरलंय?

आता भावजींना विचारा, अस्ताद देबू ठाऊक आहेत का. पारशी माणूस, जन्म नवसारीचा, वाढले जमशेदपुरात. कथ्थक लहानपणीच प्रल्हाद दासांकडे. आणि कॉलेज कुठलं? आपलं माटुंग्याचं पोदार! बीकॉमच. त्या दिवसांत मुंबईत मरे लुईस या अमेरिकन नर्तकाच्या कंपनीचा कार्यक्रम पाहिला आणि डोक्यात किडा शिरला. 1969 साली मालवाहू जहाजात बसून निघाले की! लंडनला मार्था ग्रॅहमची पद्धत शिकले, न्यूयॉर्कला होसे लिमोनची, जर्मनीत पिना बाउशकडे काम केलं. निनादच्या टीशर्टवर तो त्रिकोण असतो ना, पिंक फ्लॉइडचा? त्यांच्याबरोबरसुद्धा कार्यक्रम केलाय. एवढं जग फिरून आले आणि पुन्हा विद्यार्थी होऊन ई. के. पणिक्करांकडे कथकली शिकायला बसले.

कौतुक कसलं हो! इथले म्हणायचे, हे फार विलायती. तिकडचे म्हणायचे, यात भारतीय ते काय? दोन्हीकडून बोलणी.

मी पाहिलाय त्यांचा नाच, यूट्यूबवर. घोळदार झगा आणि स्वतःभोवती गिरकी, इतकी संथ की आमचे हे म्हणाले, "नेट अडकलंय वाटतं." अडकलं नव्हतं हो! तशी हळू गिरकी तोल न जाता घेऊन बघा म्हटलं, तर पेपरात डोकं घातलं.

पण मला विचाराल तर त्यांचं खरं काम शिकवण्याचं. कोलकात्याचे ॲक्शन प्लेअर्स, चेन्नईच्या क्लार्क स्कूलच्या मुली, सगळी कर्णबधिर मंडळी. ऐकूच येत नाही तर ताल धरायचा कसा? मनात आकडे मोजायचे, नजर एकमेकींवर ठेवायची आणि खूण झाली की वळायचं. आपल्या सोसायटीच्या गणपतीत पोरांना दोन दोन स्पीकर लावूनही सम सापडत नाही! दिल्लीत सलाम बालक ट्रस्टची रस्त्यावरची मुलं घेऊन नाच बसवला, मणिपूरचे पुंग वाजवत उड्या घेणारे कलाकार घेऊन बसवला.

पैशाचं म्हणाल तर भावजी अगदीच चुकीचं बोलत नाहीत. 1995 ला संगीत नाटक अकादमी, 2007 ला पद्मश्री, तरी प्रायोजक मिळत नाहीत हे अस्तादजी स्वतः उघड सांगायचे. पण थांबले नाहीत. सत्तरी उलटली तरी रंगमंचावर होते. 2020 च्या डिसेंबरात गेले, 73 व्या वर्षी, इथं मुंबईतच.

तेव्हा निनादला म्हणावं, आधी कुठल्या तरी गुरूकडे पाच-सहा वर्षं पाय झिजव, मोडतोड नंतर. त्या रीलवाल्या क्लासच्या तीन महिन्यांच्या सर्टिफिकेटावर फी घालवू नकोस.

आणि हे मी सांगितलं म्हणून भावजींना सांगू नका हं, आमच्या सोसायटीचा हिशेब तेच तपासतात.